गोण्या जिन्याखालून हलवा : शंभरी ओलांडलेल्या ग्रंथालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

सन्माननीय विश्वस्त, अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका जुन्या ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथ विभागात सहायक आहे. एकोणीस वर्षं झाली. आमचं म्हणणं ग्रंथपालांमार्फत कार्यवाहांकडे जातं, तिथून विषयपत्रिकेत शेवटी कुठेतरी लागतं आणि तो विषय निघेपर्यंत सभेची वेळ संपते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गावच्या ग्रंथालयात नोंदी जुळवायला मदत म्हणून गेले होते. त्या संस्थेचं नाव लिहीत नाही. जिन्याखाली चौदा गोण्या रचलेल्या होत्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर मार्करने लिहिलेलं, ‘स्कॅन झालेली’. विचारलं तेव्हा कळलं की संगणकीकरण पूर्ण झालं आहे, कपाटांची जागा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला हवी आहे, आणि येत्या सभेत या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती संग्रहातून कमी करण्याचा, ठराव येणार आहे. अभ्यासिकेला माझा विरोध नाही. आमच्याकडेही मुलं सकाळी सहापासून रांगेत असतात आणि त्यांना जागा मिळालीच पाहिजे.

पण मी त्यातली एक गोणी उघडून पाहिली. वर एक जाड पुस्तक होतं, कातडी पाठीचं, मुखपृष्ठ गेलेलं. आत एक नाही, चार पुस्तकं होती. एकोणिसाव्या शतकात लहान लहान पुस्तकं एकत्र बांधून घ्यायची पद्धत होती, कारण बांधणी महाग आणि पुस्तक तीस-चाळीस पानांचं. दाखल नोंदवहीत अशा सांगडीची नोंद बहुधा पहिल्या पुस्तकाच्या नावाने होते. इथेही तशीच झाली होती, आणि स्कॅनची फाईलही त्याच एका नावाने होती. उरलेली तीन पुस्तकं फाईलच्या पोटात आहेत खरी, पण ती तिथे आहेत हे कुणालाच माहीत नाही. त्यांच्यातलं एक दात्यांच्या सूचीत मला सापडलं नाही. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली, तिच्यात नाव नसलेलं पुस्तक हाती आलं की आमच्या कामात दोन दिवस झोप लागत नाही. ते पुस्तक गोणीत होतं, आणि गोणी मोरीच्या भिंतीला टेकलेली होती.

‘दुर्मिळ’ हा शब्द आपण फार सैल वापरतो, म्हणून आमच्या बाजूने तो म्हणजे काय ते सांगते. १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. त्याआधी छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होईलच असं नव्हतं. त्या काळातल्या मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रिते म्हणतो, म्हणजे छपाई पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं. त्यांच्याबाबतीत पुष्कळदा पुस्तक हाच पुस्तक निघाल्याचा पुरावा असतो. प्रत गेली की ते पुस्तक होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

‘दुसरीकडे कुठेतरी प्रत असेलच’ हे वाक्य मी सभांबाहेर अनेकदा ऐकलं आहे. जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. तीनदा छापलेलं पुस्तक असं जाऊ शकतं, तर शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापून, एकदाच निघालेल्या चाळीस पानी पुस्तिकेबद्दल ‘असेलच’ कशाच्या जोरावर म्हणायचं?

आता स्कॅनबद्दल. स्कॅनिंग व्हावं यासाठी मी स्वतः अर्ज केले आहेत. परगावच्या अभ्यासकाला दोन दिवसांचा प्रवास न करता पान वाचता येतं, आणि पुस्तकाला हात कमी लागतात, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण कंत्राट पानांच्या संख्येवर दिलेलं असतं, काम करणारी मुलं घाईत असतात, आणि पुस्तकाशेजारी बसून एकेक पान ताडून पाहणारं कुणी नेमलेलं नसतं. त्यातून काय होतं ते मी गेली दोन वर्षं बघते आहे.

पहिली गोष्ट अनुस्वाराची. १९६२च्या नियमांआधीच्या मराठीत अनुस्वार पावलोपावली आहेत. ‘तें आलें’ म्हणजे एखादं मूल आलं, पत्र आलं. ‘ते आले’ म्हणजे पाहुणे आले किंवा गुरुजी आले. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं की फिकट छपाईतला अनुस्वार उडतो. उलट कसरीने किंवा किड्याने पाडलेलं भोक काळा ठिपका होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतं आणि नसलेला अनुस्वार तयार होतो. पडद्यावर तुम्ही कितीही मोठं करून पाहा, ठिपका शाईचा की भोकाचा ते कळत नाही. पुस्तक हातात घेऊन पान उजेडासमोर धरलं की एका क्षणात कळतं. आमच्याकडच्या एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात अशी चौतीस ठिकाणं मी पेन्सिलीने कागदावर उतरवून ठेवली आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात अनुस्वार चुकला तर उरलं काय?

दुसरी गोष्ट पानांची. कोरी पानं वगळली जातात, आणि त्या कोऱ्या पानांवरच मालकाची सही, मुलाच्या जन्माची वेळ, उसन्या दिलेल्या रुपयांचा हिशेब असतो. घडीचे नकाशे उलगडले जात नाहीत. शेवटची ‘बिनकामाची’ पानं सोडली जातात. त्या काळी पुष्कळ पुस्तकं आगाऊ वर्गणी गोळा करून छापत, आणि वर्गणीदारांची नावं गावासकट शेवटी छापत. कुणी दोन प्रती घेतल्या, कुणी दहा. कोणत्या गावात कोण मराठी पुस्तक विकत घेत होतं, सरकारी नोकर किती, व्यापारी किती, संस्थानिक किती, हे आपल्याला सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतो. एका फाईलमधून अशी अकरा पानं गळलेली मला सापडली. मूळ पुस्तक कपाटात होतं म्हणून ती परत घेता आली.

तिसरी गोष्ट स्कॅनमध्ये येऊच शकत नाही, तिथे कंत्राटदाराचाही दोष नाही. मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक कुठलं हे ओळखायचं तर पान बोटांनी तपासावं लागतं. खिळ्यांच्या छपाईत टाइप कागदात रुततो, मागच्या बाजूला त्याचा उठाव लागतो. शिळाप्रेसच्या छपाईत पान सपाट असतं आणि अक्षर हाताच्या वळणाचं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत सुरुवात केली ती शिळाप्रेसवर. १८३१ साली त्यांनी पंचांग छापलं, आणि खिळे त्यांच्या छापखान्यात नंतर आले. म्हणून उठाव आहे की नाही, एवढ्यावरून कधी कधी पुस्तकाचं साल दहा वर्षांच्या आत आणता येतं. कागद सुती चिंध्यांचा की लाकडाच्या लगद्याचा, हे त्याच्या आवाजावरून कळतं. पुठ्ठा सुटला असेल तर आत जुन्या छापील तावांचे तुकडे चिकटवलेले दिसतात, कारण बांधणीवाले रद्दी वाया घालवत नसत. असा एक तुकडा सोडवताना मला एका पंचांगाचं अर्धं पान मिळालं. ते आज आमच्या नोंदवहीत स्वतंत्र क्रमांकाने आहे.

आणि मूळ वस्तू गेली की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या भाषेत आहेच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली आणि १९०९ साली त्यांनी तिची संहिता छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. शब्द उरले, ओव्या उरल्या. पण ती पोथी किती जुनी होती, कागद कसा होता, अक्षराचं वळण कोणत्या काळाचं, कुठे हंसपद देऊन शब्द वर घातला होता, कुठे हरताळ, म्हणजे पिवळा रंग, लावून खोडलं होतं, हे तपासायला आज काहीच नाही. अभ्यासक शंभरहून अधिक वर्षं तिच्याबद्दल वाद घालत आहेत आणि तो वाद मिटवू शकणारी एकमेव वस्तू नाही. राजवाड्यांनी केलेली नक्कल त्या काळातलं उत्तम स्कॅनच होतं, असं मला वाटतं. तरीही ती पुरी पडली नाही.

माझं रोजचं काम काय असतं हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. सकाळी आल्यावर आर्द्रतेचा काटा बघून वहीत आकडा लिहायचा. तो ४५ ते ५५ टक्क्यांत असावा असं शिकवलं आहे; आमच्याकडे जुलैत तो ऐंशीच्या वर जातो. त्या दिवसांत खिडक्या उघडायच्या नाहीत, पंखे चालू ठेवायचे, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली आहेत ना ते बघायचं. मग एक कप्पा घ्यायचा. मऊ पसरट ब्रशने पाठीकडून बाहेरच्या बाजूला धूळ काढायची, उलट नाही, नाहीतर ती शिवणीत जाऊन बसते. पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही. शेजारची दोन्ही पुस्तकं जरा आत ढकलायची आणि मधलं कमरेत धरून काढायचं. वाचकाला देताना खाली उशी. या उशा माझ्या बहिणीने जुन्या धोतराच्या शिवून दिल्या आहेत, आत कापूस. टेबलावर फक्त पेन्सिल. हातमोजे घालायला लावू नका असं मी नव्या मुलांना सांगते, कारण मोज्यांतून पानाची कड कळत नाही आणि ठिसूळ पान तुटतं. हात धुवावेत आणि नीट कोरडे करावेत, बस्स. आणि थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाला, तो कितीही मोठा असला तरी, हात जोडून थांबवायचं.

यातलं काहीच अवघड नाही. फक्त ते रोज करावं लागतं आणि ते करायला माणूस लागतो.

माझ्या हातून चूक झालेली आहे, तीही सांगते. पहिल्याच वर्षी फाटलेली पानं बघवली नाहीत म्हणून एका पुस्तकाच्या नऊ पानांना मी सेलोटेप लावली. कुणी सांगणारं नव्हतं. आज ती टेप पिवळी होऊन गळून पडली आहे आणि तिचा चिकट तपकिरी पट्टा अक्षरांवर कायमचा आहे. ते पुस्तक मी दरवर्षी एकदा काढून बघते. आता आम्ही पातळ टिश्यू आणि पिठाची खळ वापरतो, जी पाणी लावून कधीही सोडवता येते. नंतर सोडवता न येणारी कुठलीही गोष्ट पुस्तकाला लावायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. लॅमिनेशन या नियमात बसत नाही. देणगीदाराने हौसेने दिलेली नवी रेक्झिन बांधणीही बसत नाही, कारण ती करताना यंत्रावर कडा कापल्या जातात आणि समासातली टिपणं कापून जातात. ‘आपण पुस्तकं छान करून घेतली’ असं अहवालात लिहिण्याआधी एकदा आम्हाला विचारा.

अजून एक समज दूर करायचा आहे. सगळ्यात जुनं पुस्तक सगळ्यात धोक्यात असतं असं नाही. १८४०-५०च्या पुस्तकांचा कागद चिंध्यांचा, तो आजही वळतो. जुन्नरी कागदावर काजळीच्या शाईने लिहिलेली पोथी तर वाळवी आणि पाणी यांपासून जपली की स्वस्थ असते. खरं संकट पुढच्या कागदाचं आहे. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला कागद आतल्या आम्लानेच हळूहळू जळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मासिकं उचलली की टेबलावर भुगा पडतो. म्हणून पैसे थोडे असतील तर ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावू नका. आधी १९०० ते १९५० मधली मासिकं, दिवाळी अंक, नाटकांच्या जाहिराती स्कॅन करा. त्यांच्या हातात वेळ कमी आहे.

नोंदींबद्दल थोडक्यात. आमच्या नोंदवहीत एका पुस्तकापुढे साल १७७९ लिहिलेलं होतं. ते पाहून एक विद्यार्थी रात्रभर प्रवास करून आला, अठराव्या शतकातलं छापील मराठी पुस्तक पाहायला. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते १८०५ साली, मग १७७९ कसं असेल? ते शके होतं. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १८५७. कुणीतरी घाईत ‘शके’ गाळलं होतं, आणि संगणकात भरणाऱ्याने ते तसंच उचललं. संगणकातल्या नोंदी जुन्या नोंदवहीवरूनच झालेल्या असतात, त्यामुळे अशा चुका आता सगळीकडे पोचल्या आहेत. त्या दुरुस्त करायच्या तर मूळ पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

पोथ्या उतरवून काढणारे जुने लेखनिक पोथी संपवताना शेवटी एक श्लोक लिहीत, तुमच्याही संग्रहातल्या पोथ्यांत तो असेल :

तैलाद् रक्षेज् जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम् ॥

तेल आणि पाणी सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्यातला ‘शिथिलबन्धन’ हा शब्द फार जवळचा वाटतो. सैल बांधलेली पोथी आतल्या आत घासते, पानांचे कोपरे झिजतात, क्रम बिघडतो, धूळ आणि कीड शिरते. म्हणून दोन फळ्यांमध्ये घालून, रुमालात गुंडाळून, दोरी ताणून बांधायची. हे बांधणं मला आमच्या नानांनी शिकवलं. नाना म्हणजे आमच्या विभागातले जुने शिपाई; कागदोपत्री शिपाई, पण मोडी घडाघडा वाचणारे. कोणत्या सांगडीत कोणतं पुस्तक दडलं आहे, कोणत्या कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते, कोणत्या घराण्याकडून कोणतं दप्तर कोणत्या साली आलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ दिलं गेलं. त्यांची जागा आजवर भरलेली नाही. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्याशेजारी बसून मी एक दोनशे पानी वही लिहून घेतली, ती आज आमच्या विभागाचं सगळ्यात उपयोगी पुस्तक आहे. पण मी विचारलं नाही ते त्यात नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांतल्या सेवकांना वेतनश्रेणी नाही, अनुदानातून जे मिळतं त्यात घर चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल संघटना बोलते आहे, मी इथे लांबवत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की स्कॅनर घ्यायला देणगी मिळते, पडद्याचं उद्‍घाटन होतं, आणि पुस्तकाशेजारी बसणाऱ्या माणसाच्या पगाराचा विषय निघाला की पैसे नसतात. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे दोन मुली उमेदवारीसाठी आल्या. दोघी हुशार, एकीने तर मोडी शिकायला सुरुवात केली होती. दोघीही गेल्या. एक मॉलमध्ये बिलिंगला आहे, तिला तिथे आमच्याकडच्या दुप्पट मिळतात. मी तिला थांब म्हणू शकले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी आमच्याकडेही पेढे वाटले गेले आणि मलाही मनापासून आनंद झाला. त्यानंतर तुमच्या सभांमध्ये निधी येईल, योजना येतील, अशी चर्चा सुरू झाली असेल. त्या योजनांमध्ये आमच्या विभागासाठी काय मागायचं ते माझ्याकडे स्पष्ट आहे. १९५० आधीचं कोणतंही पुस्तक, मासिक किंवा दप्तर, स्कॅन झालं या कारणाने निर्लेखित होणार नाही, असा ठराव प्रत्येक संस्थेने करावा. स्कॅनिंगचं बिल मंजूर करण्याआधी फाईल मूळ पुस्तकाशी पानोपान ताडून पाहिल्याची सही घ्यावी, आणि ती सही पुस्तक हाताळणाऱ्याची असावी. जागा कमी पडत असेल तर मूळ प्रती जिल्ह्यातल्या एखाद्या मोठ्या संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे लेखी करार करून ठेवायला द्याव्यात. रद्दीवाल्याला नाही, पोटमाळ्यावर नाही. आणि दुर्मिळ विभागासाठी एक माणूस पूर्णवेळ, ज्याला देवघेवीच्या खिडकीवर बसवलं जाणार नाही. पहिल्या तीन गोष्टींना पैसे जवळजवळ लागतच नाहीत. चौथीला लागतात, आणि ते तुम्हाला उभे करावे लागतील.

मी ज्या ग्रंथालयाबद्दल सुरुवातीला लिहिलं, तिथल्या विश्वस्तांनी हे पत्र वाचलं तर त्यांना ते ओळखू येईल. मला त्यांच्यावर आरोप करायचा नाही. त्यांच्यातल्याच एका ज्येष्ठ सदस्यांनी मला कपाटाची किल्ली दिली, चहा पाजला, आणि ती चार पुस्तकांची सांगड मी दाखवली तेव्हा ते बराच वेळ ती हातात घेऊन उभे होते. त्यांच्याच आजोबांची सही तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होती.

साहेब, ठरावाचं सभेत जे व्हायचं ते होईल. पाऊस त्याआधी येईल. ती भिंत मोरीची आहे आणि खालच्या रांगेतल्या तीन गोण्यांचा तळ मी हात लावून पाहिला तेव्हा थंड लागला होता. त्या आधी काढा. उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली पुस्तकं उभी करून पानं थोडी उलगडून ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. कुणी माहितगार नसेल तर मला निरोप द्या, रविवारी माझी सुट्टी असते, मी येते. ब्रश आणि टिश्यू माझे घेऊन येईन.

आपली,
एक ग्रंथालय सहायक,
दुर्मिळ ग्रंथ विभाग